चारशे बारा लाल बदाम

१२ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या भावाला, तारासला, आज सकाळी साडेसहाला घरातून पकडून नेलं. भावजयीने, अलेसियाने, फोन करून सांगितलं. चौघे पोलीस होते. बूट न काढता आत आले, मुलीचा लॅपटॉपही नेला.

कारण: आमच्या वर्तमानपत्राच्या इंटरनेटवरच्या पानावर एका बातमीखाली त्याने लाल बदाम, म्हणजे हृदयाचं चिन्ह, लावला.

वाक्य पुन्हा वाचलं. चूक नाही.

१३ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते, नाहीतर रागात काहीतरी सुटून जाईल. जानेवारीत आमच्या संपादकांनी, पेत्रोविचनी, पानावर बातम्यांखाली लावायचे संतापलेले आणि रडके चेहरे बंद करायला लावले. "लोकांना चांगलं वाटू दे, रेहिना." मी ते बंद केले. उरला फक्त लाल बदाम.

मग जिल्हा रुग्णालयातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला. मथळा माझा: 'प्रसूती सेवा आता अधिक आधुनिक'. वेळेत दिला, चार मिनिटं आधी.

तारास रुग्णवाहिका चालवतो. शुक्रवारी तो एका बाईला घेऊन चौसष्ट किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघाला. बाळ रस्त्यातच झालं. बर्फात गाडी थांबवून तो आणि सोबतची नर्स तासभर झटले. बाळ वाचलं नाही.

घरी येऊन त्याने माझ्या मथळ्याखाली बदाम लावला आणि लिहिलं, "धन्यवाद." बस. गावाला लगेच कळलं काय ते. संध्याकाळपर्यंत चारशे बारा बदाम.

सोमवारी पेत्रोविच खूश. "बघ, बातमी थेट मनाला भिडली!"

१४ फेब्रुवारी

राखाडी जॅकेटवाला कार्यालयात आला. खात्याचं नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कुणी काय लावलं ते पान चालवणाऱ्यालाच दिसतं. म्हणजे मला.

"रेहिना काझिमिरोव्हना, यादी हवी. बुधवारी दहाला घेऊन जाईन."

म्हटलं, त्यात रायसा आजी आहे. ऐंशीला आलेली. ती हवामानाच्या अंदाजालाही बदाम लावते, प्रेमाने.

"प्रेमाने की रागाने, ते आम्ही ठरवू." मग माझ्या कुंडीतल्या जिरेनियमला हात लावून म्हणाला, "छान जोपासलंय. यादी आली तर तुमचा भाऊ पंधरा दिवसांत घरी. नाहीतर खटला. तीन वर्षं धरून चाला."

चहा विचारला मी त्याला. सवयीने! स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

१५ फेब्रुवारी

चिडले आहे. तारासवरही. एक बाळ डोळ्यांदेखत गेलं, ठीक आहे, पण मला फोन करायचा ना. मी त्याला शांत केलं असतं.

हो. शांतच केलं असतं. तेच तर माझं काम, एकतीस वर्षं.

१६ फेब्रुवारी

अलेसिया येऊन बसली. मी बटाट्याची धिरडी केली, तिने हात लावला नाही.

"ताई, यादी द्या. चारशे माणसांना थोडीच धरणार आहेत?"

"चाळीस धरतील."

"मग चाळीस. माझा नवरा एकच आहे."

तिचं काही चूक नाही, आणि याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. राग त्यांच्यावर यायला हवा, आणि आम्ही एकमेकींवर ओरडतोय. ती जाताना म्हणाली, "मथळा तुमचाच होता ना?"

१७ फेब्रुवारी

पेत्रोविचनी दार लावून घेतलं. कपाळावर घाम. "माझाही बदाम आहे गं त्यात. मी मनापासून लावला होता."

"तसं सांगा त्यांना."

"कोण विश्वास ठेवेल?"

या खोलीत त्यांना पहिल्यांदाच खरं बोलताना ऐकलं. बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं. मग परत बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

तारासच्या कोठडीतला एक जण सुटला. सुतार आहे, नाव रामुआल्द. भेटायला घरी आला, उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता. सहा जणांच्या खोलीत सतरा जण, आळीपाळीने झोपतात म्हणाला.

"यादीचं त्याला चौकशी करणाऱ्यांनीच सांगितलंय. त्याचा निरोप आहे. ताईला म्हणावं, लोकरी मोजे पाठव आणि नावं पाठवू नको."

"अजून काही?"

"तुम्ही चिडाल म्हणाला. चिडू द्या तिला, असंही म्हणाला."

मोजे आज कोठडीच्या दारावर दिले. घेतले त्यांनी.

संध्याकाळी, जिचं बाळ रस्त्यात गेलं त्या बाईकडे गेले. विसाव्या वर्षी पहिलं बाळंतपण. मी वही काढली, ती बोलत राहिली. "नाव छापा माझं," म्हणाली. एकही विशेषण लागलं नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी नऊ वीस

पानावरची जुनी बातमी बदामांसकट पुसली. चारशे बारा नावं आता माझ्याकडेही नाहीत. अलेसियाला फोन करून सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

जुन्या बातमीच्या जागी नवी लावली: बाळंतपणाचा विभाग बंद झाल्यावर आठ दिवसांत एका बाळाचा रस्त्यात मृत्यू, आईने दुजोरा दिला. खाली माझं नाव, पूर्ण.

राखाडी जॅकेटवाला यादीसाठी दहाला येणार आहे.