रोटरी इंजिनची सरकती नळी

सर, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी नाही. परवा ऑफिसात एका सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, इंजिनला हवा देणारी नळी लांब-आखूड करून नेमकं काय साधतं?" मी तोंड उघडलं तर तुमचंच एस.टी.चं उदाहरण बाहेर पडलं. इतकी चिडले स्वतःवर, की उत्तर अर्धवट टाकून चहाला गेले.

शेवटच्या वर्षाला बाकीच्यांनी सोलर कुकर घेतले, शेतीपंप घेतले आणि मजेत सुटले. माझ्या माथी तुम्ही मारलंत ते प्रयोगशाळेत गोणपाटाखाली पडलेलं रोटरी इंजिन. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, पोटात एक तिकोनी रोटर गरगरतो आणि फिरता फिरता हवेचं दार उघडतो, मिटतो. सेमिनारला मी पुस्तकातलं घडाघडा म्हटलं. तुम्ही खडू खाली ठेवलात. "पाठ केलंय. कळलेलं नाही." अख्ख्या वर्गासमोर, आणि वर्गात मुलगी मी एकटी. मग स्वतःच सुरू झालात. "स्टँडवर एस.टी. लागते, लोक दाराकडे धावतात. कंडक्टरने धाडकन दार लावलं की गर्दी आपटून मागे हटते, अन् परत पुढे रेटते. नेमकं तेव्हाच दार उघडलं तर? दोन माणसं जास्तीची आत. नळीतली हवा तशीच. इंजिन हळू फिरतंय तेव्हा दार उशिरा उघडतं, म्हणून हवेला जायला-यायला लांब नळी द्या. जोरात फिरतंय तेव्हा आखूड. एकाच मापाच्या नळीवर ते एकाच वेगाला खूश राहील, बाकी वेळ रडेल. कळलं?" कळलं, सर. तेव्हाच कळलं होतं. वर्गासमोर पाणउतारा न करताही कळलं असतं.

आणि ते तुमच्या मेहरूणच्या घरातलं स्वयंपाकघर! शेतात पाण्याला घालतात तीच पीव्हीसीची नळी तुम्ही आणलीत, एकीत दुसरी सरकेल अशी. तोंड मात्र कर्ण्यासारखं पसरट हवं होतं, म्हणून काकूंच्या गॅसवर नळी शेकून पितळी तांब्याच्या बुडावर दाबायला घेतलीत. घरभर वास. काकू भरताची वांगी हातात घेऊन उभ्या. "अहो, या तांब्याने मी देवाला पाणी घालते." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गोलाई फार छान आहे याची." काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. त्या घरात वैतागलेली मी एकटी नव्हते, एवढाच दिलासा. तोंड वाकडं झालं म्हणून किती नळ्या फेकायला लावल्यात, ते आठवलं तरी हात भाजतात.

परीक्षेच्या दिवशी बोदवडहून माझे आबा आले होते. लेकीने काय बनवलंय ते बघायला दारात उभे होते, टोपी हातात. धुळ्याच्या एका कारखान्याने मला घ्यायचं कबूल केलं होतं, फर्स्ट क्लास मिळाला तर. नाही मिळाला तर चाळीसगावचं स्थळ तयारच होतं. नळी रेसच्या तारेबरोबर आपोआप सरकायची होती. सायकलच्या ब्रेकची केबल लावली होती आपण. इंजिन सुरू झालं, वेग वाढला, आणि केबल अडकली. मी हाताने नळी आत ढकलली. इंजिनने असा जोर धरला की तो मोजायला ड्रमवर गुंडाळलेल्या दोराचा काटा सरसर वर चढला. बाहेरचे परीक्षक खूश. "वा, सिद्ध झालं की!" म्हणाले. ते मार्क लिहिणार, एवढ्यात तुम्ही म्हणालात, "नाही. आपोआप सरकेल असं हिने लिहिलंय. तसं झालेलं नाही." कुणी विचारलं होतं का तुम्हाला? शेजारी गप्प उभं राहायला काय झालं होतं?

फर्स्ट क्लास हुकला, धुळं गेलं. मी घरी तुम्हाला वाटेल ते बोलले. आबा ऐकत होते. मग म्हणाले, "तो मास्तर तुह्यासाठी बी खोटं बोलला नाही. मंग त्याच्यापाशी शिकली ते खरंच असीन. चाळीसगाववाल्याले मी थांब सांगतो." आबांना तुम्ही पटलात, याचाही मला राग आला.

मे महिन्यात तुमचा निरोप आला. "केबलची वाट चुकली होती. ये, नीट करू." निकाल लागून गेलेला, कॉलेजला सुट्टी, आणि हे म्हणे ये! मी आले ते तुम्हाला चार शब्द सुनावायला. तुम्ही ऐकलंत, मान हलवलीत आणि पाना माझ्या हातात दिलात. केबलचं वळण सैल केलं, नळीला जरा तेल लावलं, इंजिन सुरू केलं. हळू असताना नळी लांब, इंजिन जराही खोकलं नाही. रेस वाढवली तशी ती आपली आपण आत सरकत गेली, आणि काटा कुठेच खाली आला नाही. बघायला होतं कोण? प्रयोगशाळेच्या पत्र्याखाली घामाने निथळणारे तुम्ही, मी आणि डबा घेऊन आलेल्या काकू. तुम्ही फक्त म्हणालात, "आता झालं." मी म्हटलं, "आता काय उपयोग?" आणि पाना टेबलावर आपटून निघाले.

नोकरी मिळाली पुढे, दुसरीकडे, उशिरा. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा काकूंना भेटून आले, पण तुमच्या फोटोशी बोलले नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. त्या दिवशी पाना आपटून मी स्टेशनवर आले, गाडीत बसले आणि बोदवड येईपर्यंत एकटीच हसत होते. समोरच्या बाईने विचारलंसुद्धा, "पास झालीस का गं?" मी हो म्हटलं. तुम्हाला हे कळू द्यायचं नव्हतं मला. अजूनही नाही.