मेघालीचा हिरवा उजेड आणि गुणाबाईची पाटली

वळ, मंगळवार

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे फक्त कागदावर). तुझा दमा आणि वहिनींचा राग, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. व्हॉट्सअॅपवर तू अर्धं वाचून अंगठा दाखवतोस, म्हणून पत्र.

तुझ्या मेघालीची पीएचडी बंद करून दिवाळीनंतर तिचं लग्न उरकायचं तू ठरवलंस. पोरगी तीन वर्षं काचेला पावडर फासते, त्याचा उपयोग काय, हा तुझा सवाल. मी तो लावून धरला (फिजिक्सची पदवी एकेचाळीस वर्षं जुनी असली तरी नासलेली नाही). तिच्याकडून काच आणि छोटा लेझर आणला, बचत गटाच्या बायकांना गोळा केलं आणि तिने दिलेले चष्मे सक्तीने घालायला लावले.

या लेझरचा उजेड आपल्याला दिसत नाही. काचेवरची पावडर तो गिळते आणि हिरवा उजेड बाहेर टाकते. पावडरीखाली सोन्याचे अतिबारीक कण पेरले की तोच उजेड कितीतरी वाढतो. मात्र मध्ये किंचित फट हवी. सोनं अगदी चिकटून बसलं तर उजेड उलट मरतो. (एकत्र कुटुंबातल्या बायकांना हे एका दमात पटलं.)

तेवढ्यात गुणाबाई म्हणाली, "कणभर सोन्यानं एवढा उजेड, मंग माझ्या पाटलीनं गावभर पडंल!" आणि पाटली सरळ काचेवर ठेवली. उजेड गायब.

"बाई गं, माझं सोनं खोटं हाय!"

अगं, लेझरच्या वाटेत पळी ठेवलीस तरी हेच होईल, असं मी ओरडेपर्यंत ती घरी पोचलीसुद्धा. तिच्या नवऱ्याला, सावळारामला, दोन दिवस जेवण नाही. तिसऱ्या सकाळी माझ्या ओटीवर अकरा बायका दागिने घेऊन रांगेत. उजेड अर्थात सगळ्यांचाच गेला, आणि महादू सोनार काठी घेऊन आला. मी त्याला काठी ठेवून कसोटीचा दगड आणायला पाठवलं आणि एकेक दागिना सर्वांदेखत घासून घेतला. सगळं अस्सल निघालं. सावळारामला भात मिळाला.

उपयोग विचारत होतास ना? गावाचं सोनं तपासून झालं. तेव्हा पोरीला शिकू दे, एवढीच विनंती. बाकी तू मोठा, तुझा शब्द मी मोडणार नाही.

तुझी धाकटी,
चंपा

ता. क. महादू बसलाच होता, म्हणून माझ्या लग्नात तू घातलेल्या पाटल्याही घासून घेतल्या. पितळ आहे.

ता. क. २ वहिनी अजून प्रत्येक लग्नात सांगतात की नणंदेला चार तोळे अस्सल घातले. मी त्यांना काही बोललेले नाही. मेघालीला अजून दोन वर्षं लागतील म्हणते. तोवर मी पाटल्या विसरून जाईन.