सगळीकडे हिरवा दिवा

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ. पत्र पोचलं. इस्पितळ, रुग्णवाहिकेवाले, औषधवाले आणि घरी येऊन मलमपट्टी करणाऱ्या नर्सांची संस्था, या चौघांना एकत्र बसवून एकच नवी सेवा उभी करण्याचं काम महिन्यापासून तुझ्याकडे आहे म्हणतेस. लहानपणी दोन मांजरांना एका ताटलीत जेववायला जायचीस आणि ओरखडे घेऊन यायचीस, ते आठवलं.

अभिमान वाटतो, पण भीती जास्त वाटते. ह्यांना घरी आणलं तेव्हा इस्पितळाला वाटलं, नर्स जाईल. नर्सला वाटलं, आधी इंजेक्शनं पोचतील. औषधवाला तिच्या निरोपाची वाट बघत बसला. मी तीन दिवस पाणी उकळून दाराकडे बघत होते. खोटं कुणीच बोललं नाही, सगळे भले होते. चौथ्या दिवशी हे गेले.

माझ्या पायाची जखम साखरेमुळे चिघळली आहे. पुढच्या आठवड्यात ती साफ करणार, मग घरी रोज पट्टी. तुझ्या पहिल्या वीस पेशंटांत मला घाल.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी आई

९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि. तुला घालणार नव्हते. पण तू परस्पर इस्पितळाच्या खिडकीवर सही करून आलीस, हे मला यादीतून कळलं! तुझ्यापुढे कुणाचं चाललंय?

मी या चौघांपैकी कुणाचीच साहेब नाही. हुकूम करता येत नाही, नुसतं बोलून वळवायचं. महिनाभर डोकं फोडल्यावर एका गोष्टीवर सगळे राजी झाले. आपलं काम झालं की पुढच्या संस्थेला कळवायचं. कळवलं की संगणकावर पेशंटच्या नावापुढे हिरवा दिवा. मोठे डॉक्टर म्हणाले, इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही! इतकं सोपं आहे, याचीच मला धास्ती वाटते.

काही झालं तर लगेच फोन कर. माझी शपथ आहे.
तुझीच चिमणी

१८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ. मला घरी येऊन तिसरा दिवस. नर्स आलेली नाही. सेवेच्या नंबरावर विचारलं, तर मुलगी गोड आवाजात म्हणाली, आजी, काळजी नको, तुमच्या नावापुढे सगळे दिवे हिरवे आहेत, सगळ्यांना कळवलंय.

कळवलंय सगळ्यांनी. घेतलं कुणी?

पाय गरम लागतो. पट्टीला वास येतो. मी पुन्हा पाणी उकळून दाराकडे बघत बसले आहे. तुला फोन लावायला हात उचलला होता. पण तू धावत आली असतीस, मला उचलून नेलं असतंस आणि दिवे हिरवेच राहिले असते. बाकीच्या एकोणीस जणांची तू मुलगी नाहीस.

शेजारची शिवणवाली उद्या तिकडे येते आहे, तिच्या हाती हे देते. शपथ मोडली, रागावू नकोस.
तुझी आई

२८ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि. तुला पुन्हा इस्पितळात हलवलं तेव्हा तिथे तुझ्याशी भांडायचं नव्हतं, म्हणून आता लिहिते. तू वेडी आहेस. ते पत्र मी चौघांपुढे वाचलं तेव्हा प्रत्येक जण म्हणाला, आम्ही तर कळवलं होतं. आवाज चढले. मी म्हटलं, वीसही घरी आत्ता, माझ्यासमोर फोन लावा. तुझ्यासारखी आणखी तीन माणसं वाट बघत बसलेली निघाली. त्यातल्या एका निवृत्त मास्तरांना ताप चढला होता. वेळेवर पोचलो.

आता कळवल्याने दिवा लागत नाही. पुढच्याने स्वतःचं नाव सांगून 'मी घेतलं' म्हणेपर्यंत पेशंट आधीच्याच्याच गळ्यात. औषधवाले कुरकुरले, पण मग त्यांनीच आधी सही केली.

बाबांच्या वेळी हे असतं तर, एवढंच मनात घोळतं.
तुझी चिमणी

५ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ. करंगळी गेली, ते मनाला लावून घेऊ नकोस. नाही तरी ती चपलेत कधी धड बसत नव्हती.

नर्स रोज अकराला येते. दारातच फोनवर आपलं नाव सांगून म्हणते, मी घेतलं. मगच चपला काढते. काल मला हसली. म्हणाली, आजी, पाणी कशाला उकळता? मी सगळं बरोबर आणते, आम्हाला लागतच नाही.

म्हणजे तेव्हाही लागलं नसतं. मी उगीच तीन दिवस चुलीपाशी उभी होते. ह्यांच्या उशाशी बसायचं सोडून.

तरी उद्याही पाणी ठेवीन. दार वाजेपर्यंत हाताला काहीतरी हवं.

आहेस तशीच माझी राहा.
तुझी आई