नुसते ओठ हलवा

तीर्थस्वरूप भाऊजींस,

साष्टांग नमस्कार. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पाठ कशी आहे? घसा ठणठणीत असेलच (त्याबद्दल शंका घ्यायची आता माझी प्राज्ञा नाही). तुम्ही आमचं वृंदगान मंडळ रागावून सोडलंत तेही माझ्यामुळेच, मान्य. पण आता मंडळच बंद पडायची वेळ आली आहे, तेव्हा एवढं ऐकून घ्या.

माझी उभी हयात शाळेत समूहगान शिकवण्यात गेली. तिथे एक युक्ती सापडली होती. बेसूर पोराला बाजूला घ्यायचं आणि म्हणायचं, "तुझ्या चेहऱ्यावर भाव काय छान येतात रे! आवाज कशाला वाया घालवतोस? नुसते ओठ हलव." पोर खूश, गाणं सुरात. निवृत्तीनंतर मोठ्यांचं मंडळ काढलं, तिथेही तेच औषध, एकेकाला एकांतात, "कुणाला सांगू नका" या पथ्यासह. सगळ्यांनी मुकाट्याने घेतलं. तुम्ही तेवढे "गळा माझा आहे" म्हणून तडक निघून गेलात.

औषध किती जणांना दिलं, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं नाही. वाचनालयाच्या उद्घाटनापर्यंत खरंखुरं गाणाऱ्या दोघीच उरल्या होत्या, नर्सबाई आणि त्यांची जाऊ, आणि नेमका दोघींचाही घसा बसला (एका घरात राहिल्यावर दुसरं काय होणार). मी ऐटीत हात उचलला. तीसेक तोंडं उघडली. काय ते भाव! आवाज शून्य. माइकवाल्याला वाटलं, यंत्र बिघडलं. त्याने बटण पार शेवटपर्यंत पिळलं, तेव्हा सभागृहभर माझंच पुटपुटणं घुमू लागलं, "एक, दोन, तीन, चार." पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून तळहातावर आपटून पाहिलं.

पडद्यामागे "म्हणजे तुम्हालाही?" एवढं एकच वाक्य तोंडोतोंडी फिरलं आणि माझी पळता भुई थोडी झाली. पुढच्या तालमीला सगळे चिडून आले आणि पहिल्यांदाच गळा मोकळा सोडून गायले. वॉचमन धावत आला. भाऊजी, एकही सूर दुसऱ्याला ओळख देत नव्हता. पण इतका आनंद त्या चेहऱ्यांवर मी कधी पाहिला नव्हता, आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

चुकलो. राग सोडा.

आपला (आता तरी) आज्ञाधारक मेहुणा

ता. क. : मंडळींनी अट घातली आहे, भाऊजी परत आले तर मंडळ, नाहीतर या रविवारपासून कुलूप. तुमचा आवाज धरून सगळे गाणार. मला म्हणाले, "सर, तुम्ही नुसते हात हलवा." या हो. तेवढं तरी काम माझ्याकडे राहू द्या.

ता. क. २ : हे पत्र ताईला दाखवू नका. तुमची बाजू घेऊन ती ना उद्घाटनाला आली, ना त्या तालमीला, त्यामुळे तिला यातलं काही ठाऊक नाही. ते औषध मंडळात सगळ्यांत आधी मी तिलाच दिलं होतं. तुम्ही निदान निघून तरी गेलात. ती माझ्या घरी येईल.