सरोजाताईंच्या भिंतीवरचा खिळा

१० फेब्रुवारी १९९४, गुरुवार

पुरुषांचे फोटो मैदानावर काढतात, मग बाईचा घरात का? सरोजाताईंनी फोनवर विचारलं.  

“सदरच तसं आहे ताई. कर्तबगार बायका, त्यांच्या घरी.” एवढंच सुचलं. त्या हसल्या. “ये रविवारी. घरी सापडले तर काढ!”

जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेच्या त्या कार्यवाह. त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्याच बाई. साप्ताहिकाचे संपादक कौस्तुभ सर म्हणालेत — पानभर फोटो, खाली तुझं नाव, आणि हा जमला तर साप्ताहिकात कायम घेऊ. सहा महिने उत्तमशेठच्या स्टुडिओसाठी लग्नांत दिवा धरून उभी राहतेय. पोटऱ्या लग्न संपलं तरी ठणकतात. बी. ए. झालेली मुलगी नवरदेवाच्या मावशीला ‘जरा डावीकडे’ सांगते!

आप्पांनी कामावर, काशीमीऱ्याच्या गोदामात, सगळ्यांना सांगूनही टाकलंय — शीलाचं नाव छापून येणार. आधी येऊ तर दे.

१३ फेब्रुवारी, रविवार

गोडदेव, ताईंचं घर. तिसरा मजला, दोन खोल्या. उत्तमशेठचा कॅमेरा, उत्तमशेठचा फ्लॅश, रोल तेवढा माझा.

“उभी राहू की बसू? ऑफिसात बसते, मैदानावर उभी असते, घरात आडवी असते. कुठली हवी?” — सरोजाताई. डाव्या गुडघ्याला पट्टा. आवाज असा की जिन्यात ऐकू जावा.

खुर्चीत बसवलं. बरोबर वर बाबासाहेबांची तसबीर, आमच्या घरात आहे तशीच, वरून पुढे झुकलेली. फ्लॅश मारला की काचेत पांढरा गोळा उठणार. म्हटलं, “ताई, काच चमकेल. तसबीर उतरवू का?”

त्यांनी तसबिरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “उतरव.”

स्टुलावर चढले, उतरवली, ओढणीने पुसली. काच फुटू नये म्हणून कपाटाला टेकवून ठेवली, भिंतीकडे तोंड करून. मग फोटो.  मी किती फोटो उरले ते बघत होते.

तेवढ्यात शेजारच्या हंसाबेन ओरडल्या, “सरोजाबेन, टँकर आ गया! जल्दी करो!” कॅमेरा पिशवीत कोंबला आणि मीही बादल्या उचलल्या. तीन मजले, पाच खेपा. पट्टा बांधलेल्या गुडघ्याने ताई माझ्या पुढे! “दम सोडू नकोस गं, मध्यरेषा अजून लांब आहे!” हात सुटून पडतील असं वाटलं. तशीच घरी आले.

रविवारीच, दिवेलागणीला

तसबीर! परत लावायची राहिली.

१४ फेब्रुवारी, सोमवार

उत्तमशेठच्या अंधाऱ्या खोलीत रोल धुतला. चौदा नंबरचा सगळ्यात चांगला. नजर थेट, हात मांडीवर, मनगटं काय सुरेख!

पण डोक्यावर भिंतीचा एक चौकोन. बाकी भिंत धुरकट, तेवढाच उजळ. आणि वर खिळा. काल कॅमेऱ्यातून पाहताना मला हे दिसलं कसं नाही?

१५ फेब्रुवारी, मंगळवार

दादरला, ऑफिसात. कौस्तुभ सरांनी चौदावर लाल पेन्सिलीने गोल केला. “वा! मागे भिंत मोकळी ठेवलीस, हुशार आहेस. मी सांगणारच होतो, विसरलो. आपला वाचक सगळ्या प्रकारचा असतो ना. तो चौकोन आणि खिळा तेवढा रिटच कर. मोठा प्रिंट शनिवारी.”

मी म्हटलं, “सर, ते काच चमकत होती म्हणून...”

“तेच ते. छान झालं.”

तेच ते? मी “हो सर” म्हणाले. दोनदा म्हणाले.

१६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ब्रश घेतला. प्रिंटवर शाईचा एक टिपका लावला. खिळा अर्धा गेला. हात थांबला.

संध्याकाळी गोडदेवला गेले. तसबीर जागेवर होती.

“त्याच दिवशी लावली,” सरोजाताई म्हणाल्या. “पाणी भरून झाल्यावर.” चहा दिला. मी माफी मागितली, सरांचं बोलणंही सांगितलं. त्या पायाला तेल चोळत ऐकत होत्या.

“याआधी दोन पेपरवाले आले होते. दोघांनाही तसबीर नको होती. एक म्हणाला भिंत भरगच्च दिसते, दुसरा काहीतरी दुसरंच म्हणाला. दोघांना जिना दाखवला. फोटो नाही तर नाही.”

“मग मला का उतरवू दिलीत?”

“तू आपली म्हणून. वाटलं, पोरीला काही अडचण असेल.”



१७ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या तसबिरीपुढे उभी राहिले. टॉर्च डोळ्याजवळ धरला — झोत सरळ परत डोळ्यांत. झुकलेली आहे म्हणून. खालच्या कडेमागे काडेपेटी खोचली. तसबीर सरळ झाली, चकाकी छताकडे गेली.

एक काडेपेटी! एवढंच करायचं होतं.

आई म्हणाली, “काडेपेटी दे इकडं, चूल काय तुझा फोटो पेटवणार?”

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सातला गोडदेव. ताई ऑफिसला निघायच्या घाईत, केस ओले. काडेपेटी खोचली, फ्लॅश मारला. काच शांत.

“ते छापणार नाहीत हा,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“मग तुझी नोकरी?”

मी लेन्स पुसत राहिले. त्यांनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली. “काढ मग. नीट काढ.”

काडेपेटी काढायला गेले तर म्हणाल्या, राहू दे तिथेच.

१९ फेब्रुवारी, शनिवार

निघण्याआधी चौदा नंबरची निगेटिव्ह कात्रीने बारीक कापली. अर्ध्या खिळ्याचा प्रिंट फाडला. सरांच्या टेबलावर कालचा फोटो ठेवून आले, तसबिरीसकट. “आणि चौदा?” त्यांनी विचारलं. म्हटलं, तो आता नाही.

आप्पांना अजून सांगायचंय.