जहराच्या कड्यावर

बाई,

कुवेतमध्ये डोंगर नाही, असं मी इथे आल्यावर पहिल्याच वर्षी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "नीट बघ, जमीन कुठेतरी उचललेली असतेच." ते खरं निघालं, पण मला दिसेपर्यंत तुम्ही गेला होतात. जहरा ओलांडून उत्तरेला गेलं की वाळवंट एकाएकी वर उठतं आणि एक लांबच लांब कडा तयार होतो. त्याच्या माथ्यावर उभं राहिलं की खाली खाडी दिसते, तिच्यापलीकडे शहराच्या इमारती धुरकट दिसतात. आपल्याकडच्या माणसाने त्याला टेकाडच म्हटलं असतं. पण माथा सपाट आहे, वारा अंगावर येतो, आणि हिवाळ्यात दोन सरी पडून गेल्या की मार्चपर्यंत खुरट्या झुडपांवर हिरवा रंग चढतो. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला पाटणच्या वरचा आपला कातळाचा सडा आठवला, आणि मी गाडीच्या आडोशाला जाऊन थोडी रडून आले. नवऱ्याला सांगितलं, डोळ्यांत धूळ गेली.

त्या सड्यावर तुम्ही आम्हा मुलींना गणपती झाल्यावर न्यायचात. कऱ्हाडहून एसटी, मग पायथ्याच्या गावापासून चढ, आणि चढ संपला की एकदम सगळं मोकळं. काळा कातळ, त्यावर बोटभर माती, गुडघाभर गवत, आणि ढग इतके खाली की पुढची मुलगी दिसेनाशी व्हायची. इतर शाळांच्या भूगोलाच्या बाई नकाशा भिंतीवर टांगायच्या, तुम्ही आम्हाला त्यात नेऊन सोडायचात. दिसेल त्या वाटेपाशी थांबून विचारायचात, "ही कोणाची?" आम्ही गोंधळायचो. मग तुम्ही सांगायचात, गुरांची वाट चरत चरत जाते, तिच्या नादाला लागलात तर ती तुम्हाला गवतात सोडून देईल. पाण्याची वाट सरळ उतरते. बाजाराची वाट वळणं घेते, कारण तिच्यावरून डोक्यावर ओझं घेतलेली माणसं चालतात. ढगात रस्ता चुकला तर बाजाराची वाट धरायची, ती माणसांत नेऊन सोडते. हे मी इथे लोकांना सांगते, बाई, आणि ते कौतुकाने ऐकतात. कड्यावर मेंढ्यांच्या वाटा आहेत, उंटांच्या आहेत, जीपची चाकोरी आहे. मी तुमच्यासारखीच थांबून विचारते, "ही कोणाची?" तुमचं नाव घेते. आता वाटतं, घ्यायला नको होतं.

मी फार भरभर चालायचे, हे तुम्हाला आठवत असेल. एकदा सगळ्यांना मागे टाकून सड्याच्या टोकाशी जाऊन बसले होते. तुम्ही बऱ्याच वेळाने आलात, आमच्या वर्गातल्या दम्याच्या मुलीचा हात धरून. तुम्ही पोचलात तशी मी उठले आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी वह्या द्यायला तुमच्या खोलीवर आले तेव्हा तुम्ही भाकरी थापत होतात. स्वयंपाकघर एवढंसं, मी दारात उभी. परातीतून नजर न काढता तुम्ही म्हणालात, "पुढे गेलीस त्याबद्दल माझं काही नाही. पाय आहेत तुला. पण आम्ही पोचल्याबरोबर तू उठलीस. तू बसून दम खाल्लास. तिने कधी खायचा?" तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत, पाणी फिरवलंत आणि म्हणालात, "शेवटचा माणूस बसला की मग आपली विश्रांती सुरू होते. त्याआधी जे आपण करतो ते नुसतं थांबणं." मग पहिली भाकरी मलाच वाढलीत, वर लोण्याचा गोळा. मी खाली मान घालून खाल्ली. ती लाज चांगली होती, बाई. ती घेऊन मी इतकी वर्षं चालले. आत्ताची लाज तशी नाही.

दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी मी आमच्या मराठी मंडळींना कड्यावर नेलं. उन्हाळ्याआधीची शेवटची फेरी. बँकेत काम करणारं मुंबईचं एक जोडपं होतं, तेलकंपनीतले काही इंजिनियर होते, त्यांच्या बायका होत्या, आणि पहिल्यांदाच आलेले एक काका होते. काका नाशिकचे, एका दुकानदाराकडे हिशेब बघतात, रिग्गईत एका खोलीत राहतात. बायको नाशिकलाच. साठीला आलेले, अंगाने जड, पायात ऑफिसचे बूट. मला बघताच म्हणाले, "ताई, मी हळू चालतो हं, आधीच सांगतो." मी म्हटलं, "चालेल की काका, घाई कुणाला आहे?"

घाई मला होती. दुपारी फिंतासला आमच्या घरी सगळे जेवायला येणार होते, मसालेभात गॅसवर चढवायचा राहिला होता, आणि मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की या वेळी आलो त्या वाटेने परत जायचं नाही, गोल फेरी मारायची. निघताना मी नेहमीची ताकीद दिली, की वाट सोडायची नाही, इराकच्या लढाईच्या वेळचे सुरुंग अजूनही कुठे कुठे निघतात. मग चढलो. काका मागे पडत होते. आम्ही थांबायचो, ते घामाघूम होऊन पोचायचे, आणि मी म्हणायचे, "चला." दर वेळी. तुमची भाकरी मला एकदाही आठवली नाही. मध्येच मी म्हटलं, "काका, ती पिशवी द्या, हलकं वाटेल." बँकेतल्या गृहस्थांनी ती खांद्यावर घेतली. तिच्यात काकांचं पाणी होतं, बिस्किटं होती, आणि फोन. पुढे माथ्यावर दगडांचा एक ढीग लागला तिथे मी काकांना म्हटलं, "तुम्ही इथेच बसा निवांत. आम्ही टोकापर्यंत जाऊन येतो." ते म्हणाले, "येतो मी सावकाश, मला चालेल." मी म्हटलं, "नको हो, कशाला त्रास? बसा." ते बसले.

टोकाला गेलो, फोटो काढले. परत फिरलो तर एका जागी वाट फुटते. एक माथ्यावरून मागे जाते, काकांकडे. दुसरी मेंढ्यांची, सरळ खाली गाड्यांपर्यंत. नीट ऐका, बाई, कारण हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. त्या फाट्यावर मला काका आठवले. अगदी स्वच्छ आठवले, ऑफिसच्या बुटांसकट. ऊन होतं, हवा मोकळी होती, मागे कुणीतरी विनोद सांगत होतं. परत जायचं तर गोल फेरी मोडणार, जेवणाला उशीर होणार, आणि सगळ्यांसमोर म्हणावं लागणार की माझं चुकलं, मी एका माणसाला मागे बसवलं आहे. मला वाटलं, खाली पोचल्यावर कुणाला तरी जीपच्या रस्त्याने गाडी घेऊन पाठवू. मी खालची वाट धरली. माझ्यामागून सगळे उतरले.

अर्धं उतरलो असू, तेवढ्यात वारा फिरला. इथली धूळ कशी येते हे तुम्ही पाहिलेलं नाही. आभाळ आधी पिवळं पडतं, मग तांबूस, आणि बघता बघता समोरचा माणूसही दिसेनासा होतो. गाड्यांपाशी पोचेपर्यंत कडाच गायब झाला होता. दारं लावून घेताना बँकेतल्या गृहस्थांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि म्हणाले, "काका कुठेत?" मी कपाळावर हात मारला. "अगं बाई! ते वरच राहिले!" तो हात मी मारला होता, बाई. आपोआप गेला नव्हता.

अशा धुळीत गाडी वर नेणं शक्य नव्हतं. ते गृहस्थ आणि मी ओढण्या तोंडाला बांधून चालत निघालो. पायाखालची चाकोरी तेवढी दिसत होती. हाका मारायला तोंड उघडलं की आत वाळू. मी मनात म्हणत होते, उठून निघाले असतील, वाट सोडली असेल, बायकोला नाशिकला फोन कोण करणार? मग समोरून आवाज आला. "इकडे! मी इथे आहे! वाट सोडू नका हं, ताई! सुरुंग असतात!"

ते त्याच दगडांपाशी बसले होते. गुडघे पोटाशी, रुमाल नाकाला, भुवया धुळीने पांढऱ्या. जागचे हलले नव्हते, कारण मी बसा म्हटलं होतं. पाणी दिलं तर आधी चूळ भरली, मग प्यायले, बाटली मीच धरली. मी माझं जाकीट त्यांच्या खांद्यावर टाकलं. खाली आल्यावर सगळ्यांनी घेरलं, तेव्हा काकाच म्हणाले, "चूक माझी. मीच म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. ताई होत्या म्हणून सापडलो." मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही. संध्याकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं केवढं कौतुक! धुळीच्या वादळात शिरून काकांना आणलं म्हणून. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मुलगी बघत होती, म्हणाली, "आई, यू सेव्हड हिम! मग तुझा चेहरा असा का?" मी म्हटलं, दमले.

गेल्या मंगळवारी ऑफिस सुटल्यावर रिग्गईला गेले. काकांना खोकला झाला होता. खोलीत आणखी दोघे केरळचे राहतात, ते कामावर होते. काकांनी स्टूल पुसून दिलं, चहा ठेवला. माझं जाकीट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलं होतं. मी म्हटलं, "काका, मला तुमची माफी मागायची आहे."

"कसली हो माफी?"

मी म्हटलं, "मी तुम्हाला विसरले."

ते हसले. "अहो, एवढी माणसं सांभाळायची म्हणजे विसरणारच. मनातून काढून टाका." चहा गाळता गाळता म्हणाले, "वरून फार छान दिसतं हो. मेंढ्यांचा एक कळप गेला. मग तुम्ही सगळे उतरताना दिसलात, एकामागे एक. तुम्ही पुढे होतात. त्या फाट्यावर जरा थांबलात, माझ्या बाजूला पाहिलंत. मी हातही केला. म्हटलं, यांना दिसलो, आता खालून गाडी घेऊन येतील." आणि कप माझ्या हातात देत विचारलं, "साखर बरोबर आहे ना?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू शकले नाही, त्यामुळे त्यांना किती कळलं आहे ते मला माहीत नाही. चहा संपवला. निघताना त्यांनी दारात विचारलं, "थंडी पडली की परत न्याल ना मला? तोवर बूट घेतो." मी म्हटलं, "नेईन की, काका." पुन्हा तोच स्वर, घाई कुणाला आहे म्हणणारा.

आज शनिवार. घरातले सगळे बाजारात गेले आहेत आणि मी जेवणाच्या टेबलाशी हे लिहिते आहे. हा कागद पाठवायला तुमचा पत्ता उरलेला नाही, आणि उरला असता तर मी तो लिहिलाही नसता. तुम्ही जिवंत असताना तुम्हाला हे कळवायची माझी छाती झाली नसती. काकांनी मला माफ केलं ते विसरल्याबद्दल. मी विसरले नव्हते, हे त्यांना सांगायला हवं, आणि चारचौघांत सांगायला हवं. रिग्गई इथून काही लांब नाही. गाडीची किल्ली समोर पडली आहे. मी अजून उठलेले नाही.