गाडीच्या डोळ्यावर झेंडूचा हार

मुरुम,
दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस

जावईबापू उत्कर्षराव यांस मुरुमहून बलभीमचे मनापासून आशीर्वाद, आणि या खेपेला सोबत थोडी माफीही.

तुमची तब्येत, सोनालीचा खोकला आणि पुण्याची हवा सुधारली असेल असं धरून चालतो. आम्ही दोघं धडधाकट आहोत. (तुमच्या सासूबाईंच्या खांद्यावर पट्ट्याचा निळा वळ आहे आणि माझं नाक खरचटलंय. एवढ्याला इकडं धडधाकटच म्हणतात.) रविवारी येऊन गाडी परत नेतो, हे तुम्ही फोनवर इतक्या मवाळ आवाजात सांगितलंत की मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. शिवाय फोन सोनालीही ऐकते. म्हणून सगळी हकीकत लिहितो. ती वाचा आणि मग काय ते ठरवा.

गाडी तुम्ही प्रेमानं दिलीत, पण तिला टोकायची सवय फार. पट्टा नाही लावला की टिंग टिंग. चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर गेलं की स्टिअरिंग थरथरतं. (आमच्या रस्त्यावर पट्टी चार हातच शिल्लक आहे, नेमकी तेवढी गाडीला सापडते.) पुढं म्हैस दिसली की माझ्याआधी गाडीच ब्रेक लावते. टोकायला घरात एक माणूस असताना दुसऱ्याची गरज नव्हती. शेवटी टिंग टिंगवर स्टँडवरच्या मंडळींनी इलाज सांगितला. पट्टा आधीच खटक्यात अडकवायचा आणि त्याच्यावर पाठ टेकून बसायचं. गाडीला वाटतं माणूस शहाणा झाला. तेव्हापासून गाडी गप्प आणि मी खूश.

दसऱ्याला गाडी धुतली, नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि हार घातला. आता आमच्या गल्लीत हाराच्या जाडीवर माणसाची पत ठरते. शेजारच्या ट्रॅक्टरला मनगटाएवढा हार होता, म्हणून मी मांडीएवढा करून आणला आणि पुढच्या जाळीवर आडवा बांधला. गाडी सुरू केल्याबरोबर काचेखाली इंग्रजीत काहीतरी उमटलं. चष्मा घरात राहिला होता. मला वाटलं कंपनीनं दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या, म्हणून मी हात जोडले.

निघालो होतो माकणीला, हिच्या बहिणीला सोनं द्यायला. एसटीत हिला मळमळतं, त्यामुळं दोघी बहिणी वर्षभरानं भेटणार होत्या. तरी ही दार उघडून अडून बसली. "ते पाठीमागचं पुढं घ्या. न्हायतर म्या उतरते, सोनं तुमचं तुमी वाटा." बहिणीची भेट सोडायला तयार झाली म्हटल्यावर मी तोंड वाकडं करून का होईना, पट्टा नीट लावला.

लोहाऱ्याच्या अलीकडं सोयाबीन भरलेली एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मी हिला हाराची जाडी समजावून सांगत होतो. एरवी म्हशीला घाबरणारी गाडी त्या दिवशी सरळ चालली. मी ब्रेक मारला, पण उशिरा. पुढचं शिंक यावी तितक्यात झालं. पट्ट्यानं आवळून सीटला धरलं, दोन पांढऱ्या पिशव्या फुगून तोंडावर आल्या आणि लगेच बसल्याही. इंजिन बंद झालं, दारांची कुलपं आपोआप उघडली, चारी दिवे लुकलुकायला लागले आणि मला न विचारता गाडीनं तुम्हाला फोन लावला.

तुम्ही "बाबा? बाबा?" करत होतात ते मला ऐकू येत होतं. उत्तर दिलं नाही, कारण ही बोलत नव्हती. अडतीस वर्षांच्या संसारात ही गप्प बसावी म्हणून मी किती नवस बोललो असेन, पण तेव्हा फार भ्यालो, उत्कर्षराव. मग त्या पांढऱ्या धुरळ्यात ही खोकली आणि म्हणाली, "लावलाय न्हवं पट्टा?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (पावडरनं नव्हे.)

ट्रॉलीवाले महालिंगप्पा भले माणूस. त्यांनी आम्हाला उतरवलं, पाणी दिलं आणि जाळीवरचा हार बघून कपाळाला हात लावला. त्यांच्या पुतण्याची अशीच गाडी आहे. "ह्या जाळीत तिचा डोळा असतोय की वो अण्णा! तुमी लई भक्तिभावानं तिला आंधळी करून आणलाव."

तेव्हा चूक हाराची आहे, थोडी माझी आहे, गाडीची अजिबात नाही. तिनं आम्हा दोघांना सांभाळलं. गाडी नेऊ नका. हिला पुन्हा एसटीत बसवायला माझं मन होत नाही.

तुमचा (अजून फोटोला हार न चढलेला) सासरा,
बलभीम

ता.क. पाठीमागच्या पट्ट्याचं सोनालीला सांगू नये.

ता.क. दुसरं. पिशव्या आणि पट्टे एकदा कामाला आले की नवेच टाकावे लागतात, असं गॅरेजवाला म्हणतो. गाडी महिनाभर त्याच्याकडंच राहील, म्हणजे रविवारी तुम्हाला नेता येणारच नाही. हे आधी सांगायला हवं होतं.

ता.क. तिसरं, आणि पत्र खरं तर यासाठीच. रविवारी याच. गाडीची दुसरी किल्ली परवापासून हिच्या कमरेला आहे. हिनं शिकाऊ लायसनचा अर्ज भरलाय. मी शिकवतो म्हटलं तर इतकी हसली की खांदा दुखला. तेव्हा शिकवायला तुम्ही या, आणि येताना तुमची नवी गाडी आणा. आमची सुटेपर्यंत तीच चालेल, असं ही म्हणते. मी मागं बसेन. मागच्या सीटलाही पट्टा असतो, हे मला कालच कळलं.